सूकर, डुक्कर आणि फँड्री : व्युत्पत्तीच्या उत्तरपत्रिकेतील एक समीकरण

पदव्युत्तर वर्गांत भाषाशास्त्राची अभ्यासपत्रिका शिकविताना व्युत्पत्तीचे जे तक्ते विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले जातात, त्यांत प्राण्यांच्या नावांना एक ठरलेली जागा असते. मार्जारापासून मांजर, मर्कटापासून माकड, महिषीपासून म्हैस; आणि याच ओघात, त्याच आत्मविश्वासाने, सूकरापासून डुक्कर. पहिल्या तीन व्युत्पत्ती ध्वनिनियमांच्या कसोटीला उतरतात. चौथी उतरत नाही. तरीही ती उत्तरपत्रिकांत सर्रास लिहिली जाते, तिला गुणही मिळतात. दोन शब्दांचा अर्थ एक आहे, शेवटची दोन अक्षरे सारखी आहेत, एवढ्या भांडवलावर हे समीकरण उभे आहे. प्रश्न एका क्षुद्र मानल्या गेलेल्या प्राण्याच्या नावाचा असल्यामुळे त्याची फारशी चिकित्सा झाली नाही, असे मला वाटते. परंतु ही चिकित्सा आपण टाळली, तर मराठीच्या शब्दसंग्रहाचा एक मोठा थर आपल्या नजरेतून कायमचा निसटेल. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

प्रथम सूकराकडे पाहू, कारण त्याची वंशावळ खरोखरच मोठी आहे. संस्कृत सूकर, अवेस्तातील हू, ग्रीकमधील हूस आणि सूस, लॅटिन सूस, गॉथिक स्वाइन, इंग्रजी साऊ आणि स्वाइन, जर्मन झाऊ आणि श्वाइन, रशियन स्विन्या, तोखारी भाषेतील सुवो ही सर्व रूपे एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दाकडे जातात. त्या शब्दाचे पुनर्रचित रूप ‘सू’ असे होते. सकाराचा हकार करण्याची इराणी भाषांची प्रवृत्ती आपल्याला सिंधू-हिंदू या जोडीमुळे परिचित आहे. अवेस्तातील हू आणि फारसीतील खूक ही रूपे त्याच प्रवृत्तीची. दक्षिणेकडे सिंहली भाषेत सूकराचा सकार हकारातून जाऊन अखेर नाहीसा झाला आणि ‘ऊरा’ एवढेच उरले. आइसलंडपासून श्रीलंकेपर्यंत एका प्राण्याचे नाव असे ओळखीचे राहावे, हे नवल आहेच.

या ‘सू’चा मूळ अर्थ कोणता याविषयी दोन मते आहेत. प्रसूती, सुत, सूतक या शब्दांतील जो ‘सू’ धातू, म्हणजे जन्म देणे, त्याच्याशी याचा संबंध आहे, एका वेळी अनेक पिल्ले देणारी ती ‘सू’, असे एक मत. दुसऱ्या मताप्रमाणे हा शब्द केवळ अनुकरणवाचक आहे. जनावराच्या आवाजावरून किंवा त्याला बोलावण्याच्या हाकेवरून तो आला. आपल्याकडील परंपरेने दुसरी वाट धरली आणि ‘सू असा ध्वनी करणारा तो सूकर’ असा विग्रह केला. हा विग्रह उत्तरकालीन दिसतो. लॅटिनमधील पिलावाचक सुकुलुस, जुन्या इंग्रजीतील सुगु ही रूपे पाहिली म्हणजे ‘सू’ला ककारयुक्त प्रत्यय लागण्याची पद्धत फार जुनी होती, आणि त्या ‘सूक’लाच पुढे रकार जोडला गेला, हे अधिक संभवनीय वाटते. ‘कर’ म्हणजे करणारा हा अर्थ मागाहून बसविलेला आहे.

इंडो-युरोपीय भाषांत डुकरासाठी आणखी एक प्राचीन शब्द आहे : लॅटिन पोर्कुस, लिथुआनियन पर्शस, जर्मन फेर्केल, जुन्या आयरिशमधील ओर्क. हा शब्द केवळ युरोपात सापडतो, भारत-इराणी शाखेत नाही, अशी समजूत बराच काळ होती. तिच्यावरून एक मोठा निष्कर्षही काढला जात असे. ‘सूस’ म्हणजे रानडुक्कर, ‘पोर्कुस’ म्हणजे पाळीव डुक्कर. भारत-इराणी लोकांकडे दुसरा शब्द नाही, म्हणजे त्यांनी डुक्कर पाळले नाही, कारण ते भटके पशुपालक होते. एमिल बेनव्हेनिस्त यांनी इंडो-युरोपीय संस्थांच्या शब्दसंग्रहावरील आपल्या १९६९च्या ग्रंथात ही सगळी इमारत पाडली. रोमन लोकांत डुक्कर, मेंढा आणि बैल अशा तीन पशूंचा एक शुद्धिविधी होता. त्याच्या नावातच सूस, ओव्हिस आणि टाउरुस हे तीन शब्द आहेत. हा विधी पाळीव पशूंचा. म्हणजे सूस पाळीवही असू शकते. आणि हेच बळी दूधपिते असत तेव्हा केटो त्यांना अनुक्रमे पोर्कुस, आग्नुस आणि व्हिटुलुस म्हणतो. मेंढ्याला कोकरू, बैलाला वासरू, तसे सूसला पोर्कुस. भेद रानटी आणि पाळीव असा नाही, वयाचा आहे. पुढे मध्य आशियातील खोतानी शक भाषेत याच शब्दाचा वंशज ‘पास’ आढळला, आणि फिनिश भाषेतील ‘पोर्सस’ हा शब्द पूर्वेकडील इंडो-युरोपीय शेजाऱ्यांकडून फार प्राचीन काळी उसना घेतलेला असल्याचे दिसून आले. तेव्हा शब्द नाही म्हणून वस्तू नाही, हा युक्तिवाद किती ठिसूळ असतो याचा हा नमुना होय. आपल्या दृष्टीने गमतीचा भाग असा, की जो शब्द भारतीय शाखेत टिकला नाही, तो पोर्तुगिजांच्या बरोबर ‘पोर्कु’ होऊन १५१०नंतर गोव्यात उतरला आणि कोकणीतल्या ‘दुकरा’शेजारी येऊन बसला.

नावांच्या या पसाऱ्यात एक कल्पना मात्र वारंवार भेटते आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. अमरकोशात वराहाची बारा नावे दिली आहेत. त्यांपैकी स्तब्धरोमा, दंष्ट्री, घोणी ही नावे केस, सुळे आणि नाक यांवरून पडली. (स्पॅनिशमधील ‘सेर्दो’ हा शब्दही राठ केसाच्या ‘सेर्दा’ या नावावरून आला, स्तब्धरोमा आणि सेर्दो यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, पाहणाऱ्यांचे डोळे तेवढे सारखे.) परंतु भूदार आणि पोत्री ही दोन नावे वेगळी आहेत. भूदार म्हणजे जमीन फाडणारा. पोत्री हा शब्द पोत्र यावरून, आणि पोत्र या शब्दासाठी पाणिनीने अष्टाध्यायीत एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे : हलसूकरयोः पुवः (३.२.१८३). पोत्र हा शब्द दोनच वस्तूंच्या मुखाला लागतो, नांगराच्या आणि डुकराच्या. नांगराचा फाळ तो पोत्र आणि डुकराचे मुस्कट तेही पोत्र. सूत्रात एक मात्रा वाचवणाऱ्या वैयाकरणाने नांगर आणि डुक्कर यांना एका समासात बसविले, याचे कारण त्याच्या काळच्या भाषेने त्यांना आधीच एकत्र बसविले होते.

आता युरोपच्या पश्चिम टोकाला पाहावे. जुन्या आयरिशमध्ये ‘सोक्’ म्हणजे डुकराचे मुस्कट, आणि नांगराचा फाळही. फ्रेंचमधील फाळवाचक ‘सोक’ याच केल्टिक शब्दापासून आला असावा, आणि त्या शब्दाचा डुकराच्या जुन्या नावाशी संबंध जोडला जातो. ग्रीकमध्ये फाळाला ‘ह्यूनिस’ म्हणत. हे नाव डुकराच्या ‘हूस’ या नावावरून पडले आणि नांगरणीची युक्ती माणसाने डुकराचे उकरणे पाहून घेतली, असे प्लुटार्कने नोंदविले आहे. त्याची व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकेल वा न टिकेल. निरीक्षण टिकणारे आहे. अथर्ववेदात औषधी वनस्पती नाकाने खणून काढणारा सूकर आहे, वनस्पती ओळखणारा वराह आहे. वाराही या कंदाला मराठीत डुक्करकंद म्हणतात. म्हणजे हा प्राणी मूळच्या शब्दसृष्टीत घाणीचा नव्हे, मातीचा प्राणी होता. तो जमिनीशी बोलणारा, तिच्या पोटातले जाणणारा होता. पृथ्वीला पाण्यातून वर काढण्याचे काम पुराणकथेने नेमके याच प्राण्याकडे का सोपविले, याचे उत्तर दैवतशास्त्रात शोधण्यापूर्वी शब्दकोशात शोधायला हरकत नाही.

यास्काने निरुक्तात वराह शब्दाचा एक अर्थ मेघ असा दिला आहे. रोमन लोक पावसाळी नक्षत्रपुंजाला डुकराची पिल्ले म्हणत, कारण ग्रीकमधील पाऊसवाचक धातू आणि डुक्करवाचक शब्द यांची त्यांनी गल्लत केली. सिसेरोने ती दाखवूनही दिली आहे. या दोहोंची सांगड घालून एखादा प्रबंध लिहिण्याचा मोह कोणास झाल्यास त्याने तो आवरावा. योगायोग म्हणून सोडून देता येणे हीही व्युत्पत्तिशास्त्रातील एक पात्रता आहे.

येथून मराठीकडे वळू. सूकर हा शब्द प्राकृतात गेला तो ‘सूअर’ होऊन. दोन स्वरांमधला एकटा ककार प्राकृतात टिकत नाही, हा नियम विद्यार्थ्यांना पाठ असतो : कुंभकार-कुंभार, लोहकार-लोहार, चर्मकार-चांभार. या नियमाने हिंदीत सूअर, पंजाबीत सूर, बंगालीत शुओर अशी रूपे सिद्ध झाली. मराठीतही ‘सुअर’ किंवा ‘सूर’ असे काहीतरी व्हायला हवे होते. डुक्करातील ककार मात्र जागच्या जागी आहे, तोही दुहेरी. शिवाय शब्दारंभीच्या सकाराचा डकार होण्याचा कोणताही नियम मराठीत नाही. साप, सोने, सात, सासू, सुई, सुतार. हवे तितके शब्द तपासा, सकार सकारच राहतो. एका शब्दासाठी एक नियम आणि तो त्याच शब्दापुरता, असे ज्याला करावे लागते त्याने व्युत्पत्ती सिद्ध केली नाही, तिची फक्त इच्छा केली.

दुहेरी ककाराविषयी थोडी सावधगिरी हवी. संस्कृत जोडाक्षरापासून आलेले प्राकृतातले द्वित्व मराठीत सहसा मोडते आणि मागचा स्वर दीर्घ होतो : चक्र-चक्क-चाक, मर्कट-मक्कड-माकड, दुग्ध-दुद्ध-दूध. डुक्कर हा जुना शब्द असता तर या नियमाने ‘डूकर’ व्हायला हवा होता. दुसरीकडे सामान्यरूपात हे द्वित्व नाहीसे होते : डुक्कर, पण डुकराला. छप्पर-छपराला, चप्पल-चपलेला, रक्कम-रकमेला ही याच चालीची उदाहरणे. यांतील रक्कम हा शब्द बोलका आहे. मूळ अरबी रकम. त्यात ककार एकच. म्हणजे असे द्वित्व मराठीने स्वतःच्या तोंडाच्या वळणाने नव्यानेही निर्माण केलेले असते. ‘डुकर’ हे रूप ‘डुक्कर’च्या बरोबरीने वापरात आहेच. तेव्हा द्वित्वावरून शब्दाचे वय ठरविता येणार नाही. परंतु ककाराचे टिकणे आणि डकाराचे असणे या दोन गोष्टी मिळून एवढे निश्चित सांगतात, की हा शब्द सूकराचा औरस वंशज नव्हे. गुजरातीत डुक्कर आहे, कोकणीत दुकर आहे; उत्तरेकडे सूअर आणि दक्षिणेला कन्नड हंदी, तेलुगू पंदी. पश्चिम किनाऱ्याच्या पट्ट्यात वावरणारा हा एक देशी शब्द आहे. शेजारच्या द्राविड भाषांत त्याचे मूळ दिसत नाही, आणि संस्कृतातही नाही.

ध्वनी जुळले म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांसाठी एक प्रयोग सुचवितो. संस्कृत दुष्कर या शब्दाचे प्राकृत रूप दुक्कर असे होते. आरंभीच्या दकाराचा डकार मराठीला नवा नाही; दंशापासून डंख झाला आहे. कोकणीत तर दकारच आहे. म्हणजे दुष्कर-दुक्कर-डुक्कर ही परंपरा सूकर-डुक्कर या परंपरेपेक्षा ध्वनिदृष्ट्या कितीतरी निर्दोष! अर्थात ती कोणी मान्य करणार नाही, करूही नये. पण मग सूकराच्या बाबतीत अर्थ जुळतो म्हणून ध्वनीकडे दुर्लक्ष, आणि दुष्कराच्या बाबतीत ध्वनी जुळतो तरी अर्थाकडे बोट, असा दुटप्पीपणा आपण का करतो, याचे उत्तर वर्गात द्यावे लागेल.

माझ्या मते येथे अधिक फलदायी दृष्टी वेगळी आहे. इंग्रजीत स्वाइन हा वारशाने आलेला शब्द. पण आज अंगणातल्या प्राण्याला इंग्रज माणूस ‘पिग’ म्हणतो, आणि पिग हा शब्द कोठून आला हे सांगता येत नाही. डॉग, फ्रॉग, हॉग, स्टॅग हे त्याचेच सोबती. जुन्या इंग्रजीत या शब्दांत दुहेरी गकार होता आणि बहुतेकांचे मूळ अज्ञात किंवा वादग्रस्त आहे. ते बोलीतून, घरगुती किंवा तुच्छतादर्शक भाषेतून वर आले आणि हाउंड, स्वाइन अशा कुलीन शब्दांना त्यांनी बाजूला सारले. फ्रेंच कोशाँचीही कथा अशीच. मराठीत काय झाले? अश्व, श्वन् आणि सूकर हे तिन्ही शब्द अव्वल इंडो-युरोपीय घराण्याचे आहेत; लॅटिनमध्ये त्यांचे भाऊबंद एक्वुस, कानिस आणि सूस. मराठी घरच्या वापरात या तिघांपैकी एकही टिकला नाही. त्यांच्या जागी आले घोडा, कुत्रा आणि डुक्कर. तिघांचीही मुळे वादग्रस्त, तिघांचेही कूळ ग्रंथात सापडत नाही. गाय आणि म्हैस मात्र आपापल्या जुन्या नावांनी गोठ्यात राहिल्या. याचा अर्थ लावण्यासाठी ध्वनिनियम पुरेसे नाहीत. कोणता प्राणी कोणाच्या हाती होता आणि त्याला हाक कोण मारीत होते, हे पाहावे लागते. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर दखनी बोलणाऱ्याच्या तोंडून ‘सुव्वर’ ऐकू येते. तेथे परंपरेने आलेल्या सूअरलाही रागाने दुहेरी वकार मिळवून दिला आहे. बोलीतले द्वित्व कसे जन्मते याचा पुरावा पोथीत शोधायची गरज नाही.

मराठीत या प्राण्याचे आणखी एक नाव आहे, वराह. ते संस्कृतातून उचललेले. अवेस्तात त्याचा जोडीदार ‘वराज़’ आहे, फारसीत ‘गुराज़’. पण भारत-इराणी शाखेबाहेर त्याचा मागमूस नाही. वराह आणि डुक्कर यांच्यामधले अंतर किती आहे, याची प्रचिती शहरापासून तीस किलोमीटरवरच्या वेरुळात येते. तेथील चौदाव्या लेण्यात वराहमूर्ती आहे. तिच्यापुढे उभा असलेला कोणीही मराठी माणूस तिला डुक्कर म्हणणार नाही. बदामीच्या चालुक्यांचे लांछन वराह होते. दक्षिणेत सोन्याच्या नाण्याला वराह हे नाव पडले. कोणत्याही धर्मकृत्याच्या संकल्पात चालू कल्पाचा उल्लेख श्वेतवाराह या नावाने होतो. तोच यजमान घराबाहेर येऊन शेजाऱ्याला डुक्कर म्हणून शिवी देतो, आणि त्यात काही विसंगती आहे असे त्याला वाटत नाही, कारण भाषेने ही दोन खाती कधीच वेगळी केलेली आहेत.

ही खाती आरंभापासून अशीच होती का? मनुस्मृतीतला शब्दप्रयोग येथे पाहण्यासारखा आहे. श्राद्धातील मांसांच्या यादीत वराह आहे. पाचव्या अध्यायातील निषिद्धांच्या यादीत ‘विड्वराह’ आहे, म्हणजे विष्ठा खाणारा, गावातला. निषेधासाठी वराह या शब्दाला एक विशेषण जोडावे लागले. नुसता वराह म्हणजे रानातला. गावातल्याला खूण करावी लागे. आजच्या मराठीत हे उलटे झाले आहे. नुसते डुक्कर म्हटले की गावातले समजायचे. रानातल्याला ‘रानडुक्कर’ अशी खूण करावी लागते. भाषेत ज्याला खूण लागत नाही तो अर्थ बोलणाऱ्याच्या मनात पहिला असतो. स्मृतिकाराच्या मनात पहिला होता तो शिकारीतला वराह, कारण शिकार करणारे आणि श्राद्ध घालणारे त्याच्या जवळचे होते. मराठी बोलणाऱ्याच्या मनात पहिले आले ते गावकुसाबाहेरचे डुक्कर. प्राणी एकच, तो कोणाच्या ताब्यात आहे त्यानुसार शब्द देवळात गेला किंवा शिवीत गेला. इंग्रजीतही जिवंत जनावराला गुराख्याचा सॅक्सन शब्द आणि ताटातल्या मांसाला नॉर्मन मालकाचा ‘पोर्क’ अशी वाटणी झाली. स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) या कादंबरीतील विदूषकाच्या तोंडी हे निरीक्षण आहे. पण तेथे पाळणाऱ्याचा शब्द निदान भाषेच्या मुख्य प्रवाहात राहिला. आपल्याकडे पाळणाऱ्याचा शब्द कोणता, हे विचारलेही गेले नाही.

तो शब्द महाराष्ट्राने ऐकला २०१४ साली, चित्रपटगृहात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाचे शीर्षक कैकाडी बोलीतील आहे आणि त्याचा अर्थ डुक्कर. शीर्षक ‘डुक्कर’ असते तर प्रेक्षक आपल्या मनातली सगळी किळस सोबत घेऊनच आत गेला असता. ‘फँड्री’ या ध्वनीशी त्याची ओळख नव्हती, म्हणून त्या शब्दाबरोबर आधी माणसे दिसली आणि मग जनावर. चित्रपटाच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली. शब्दाची झाली नाही. तमिळमध्ये डुकराला ‘पन्ऱी’ म्हणतात, मलयाळममध्ये ‘पन्नी’, तेलुगूत ‘पंदी’, कन्नडमध्ये पकाराचा हकार होऊन ‘हंदी’, गोंडीत ‘पद्दी’. तमिळमधील या जोडाक्षराचा जुना उच्चार ‘न्ड्र’च्या जवळ जाणारा आहे. कैकाडीने पकाराचा फकार केला, पण जे जोडाक्षर कन्नड आणि तेलुगूने सोपे करून टाकले ते जवळजवळ अखंड ठेवले. कन्नड मुलखाच्या पलीकडून, मराठी बोलणाऱ्यांच्या गराड्यात राहून, लिपी नसलेल्या आणि शाळेत कधी न शिकविल्या गेलेल्या एका बोलीने हे जतन केले. सूकराच्या पाच हजार वर्षांच्या प्रवासाने आपण थक्क होतो. हा प्रवास त्याहून कमी प्रतीचा का मानावा?

कैकाडी ही तमिळशी निगडित बोली असल्याची नोंद ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात १९०६ सालीच झालेली आहे. म्हणजे माहिती उपलब्ध होती. पण ज्यांची ही बोली, त्यांना १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने हजेरीला लावले होते. तो कायदा १९५२ साली गेला. त्यांची नावे पोलिसांच्या वहीत लिहिली जात होती त्याच दशकात, १९३२ पासून, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड बाहेर पडत होते. कोशकारांच्या परिश्रमांविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते, की मराठी कोशपरंपरेने शब्द गोळा केले ते मुख्यतः ग्रंथांतून, दप्तरांतून आणि लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसांकडून. टोपल्या विणणाऱ्या, डुकरे राखणाऱ्या वस्तीवर जाऊन विचारणे त्या काळच्या कोशकार्याच्या कल्पनेत बसत नव्हते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले तेव्हा ते जीवन मराठी साहित्यात शिरले. आपण त्या पुस्तकाचे समाजशास्त्र शिकविले, वेदना शिकविली. त्यामागच्या भाषेचा प्रश्न भाषाशास्त्राच्या तासाला नेला नाही. साहित्याची अभ्यासपत्रिका आणि भाषाशास्त्राची अभ्यासपत्रिका एकाच विभागात, बहुधा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना शिकविल्या जातात, आणि तरीही.

येथे एका आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. कैकाडी ही मराठी नव्हे, तेव्हा फँड्री हा मराठी शब्द नव्हे. मग मराठीच्या व्युत्पत्तिविचारात त्याचे काय काम? या न्यायाने रक्कम, कागद, टेबल हेही बाहेर ठेवावे लागतील. भाषेच्या शब्दसंग्रहात परक्या राज्यकर्त्याचा शब्द सहज बसतो आणि गावच्या वेशीवर शेकडो वर्षे राहणाऱ्याचा बसत नाही, हे भाषाशास्त्रीय तत्त्व नाही. तो सामाजिक निर्णय आहे, आणि तो कोणी घेतला हे अभ्यासकाला माहीत असले पाहिजे. उलट टोकाला जाण्याचेही कारण नाही. राजवाड्यांनी प्रत्येक मराठी शब्दाला संस्कृत पूर्वज मिळवून देण्याचा जो आग्रह धरला, त्याचीच उलटी बाजू विश्वनाथ खैरे यांच्या ‘द्रविड महाराष्ट्र’ (१९७७) सारख्या लेखनात तमिळच्या बाबतीत दिसते. फँड्री द्राविड आहे म्हणून डुक्करही द्राविड ठरत नाही. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील १९२०च्या ग्रंथात ध्वनिनियमांची जी शिस्त घालून दिली, आणि जी वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या १९४१च्या अनुवादामुळे मराठीत वाचता येते, ती दोन्ही आग्रहांवर उतारा आहे. डुक्कर या शब्दापुढे ‘देशी, मूळ अनिश्चित’ असे लिहिणे हे अज्ञान नव्हे. विद्यार्थ्याने तसे लिहिल्यास त्याला पूर्ण गुण द्यावेत, आणि ‘सूकर’ लिहिणाऱ्याला नियम विचारावा.

मराठवाड्यातील महाविद्यालयांत दरवर्षी शेकडो विद्यार्थी लघुप्रबंध लिहितात. त्यांपैकी कैकाडी, वडार आणि अन्य भटक्या-विमुक्त समाजांतून आलेले विद्यार्थी आता थोडे नाहीत. हे साहित्य त्यांना घरी ऐकायला मिळते आणि प्राध्यापकांना मिळत नाही. वडारांची बोली तेलुगूशी नाते सांगते. तेव्हा एकाच गावात एकाच जनावराला घरात दोन वेगळ्या द्राविड बोलींतून आणि रस्त्यावर मराठी-दखनीतून हाका मारल्या जात असण्याची शक्यता आहे. या हाका लिहून घ्याव्यात. नर, मादी आणि खच्ची केलेला नर यांना निरनिराळे शब्द आहेत का? पहिल्यांदा व्यालेल्या मादीला काय म्हणतात? अंगाच्या रंगावरून, कानाच्या ठेवणीवरून, राठ केसांवरून नावे पडतात का? धरण्याच्या फासाला, दोरीच्या गाठीला, मांसाच्या वाट्यांना काय शब्द आहेत? मुस्कटाला आणि फाळाला एकच शब्द वापरणारे कोणी भेटते का? आणि बेनव्हेनिस्त यांनी लॅटिनपुरता सोडविलेला प्रश्न फँड्रीच्या बाबतीत अजून उघडा आहे : दूधपित्या पिल्लाला कैकाडीत फँड्रीच म्हणतात, की त्याला वेगळा शब्द आहे?